गाडीचं वजन वजा

हिमानीनं वहीचा कागद आणला, चार घड्यांचा.
त्यावर बाजूनं काढलेली एक फळी,
दोन्ही टोकं वर वळलेली,
मध्ये किंचित खोल, वापरून वापरून पाटा होतो तशी.
"मामा, सात थर लागतात. एका लाकडात जमत नाही."
मी म्हटलं, तीस वर्षं झाली धरणगावात चौकटी करतोय,
शिकव मला.

शिकवलं तिनं.
पाच पत्रे उभ्या रेषेचे, दोन आडव्या,
तिसरा आणि पाचवा.
उभा लवतो, आडवा त्याला मोडू देत नाही.
हे हाताला ठाऊक होतं,
असं मोजून कुणी सांगितलं नव्हतं.

शिरपूरच्या मिलमधून धावड्याचे पत्रे आले,
दीड मिलिमीटर, सुतळीनं गुंडाळलेले.
ज्या धावड्याचे आमचे आजे बैलगाडीचे आख करायचे
तो आता पापडासारखा हातात वाकत होता.
वर-खाली लावायला सागाचे दोन.

पहिली फळी फुगली.
साग तेलकट, आधी थिनरनं पुसायचा असतो.
हे विसरायला एवढंच पुरलं
की भाची शेजारी उभी राहून बघत होती.

दुसरी मे महिन्यानं नेली.
चौथा थर ठेवेस्तोवर
पहिल्यावरच्या सरसानं साय धरली होती.

मग पहाटे तीनला गेलो, बंद जिनिंगच्या शेडमध्ये.
तिथे एक हातप्रेस उरलाय,
भंगारवाल्यानं दोनदा भाव करून सोडलेला.
उखर्डूबाबा राखणदार. पगार कोण देतं
ते त्यांनाही नक्की सांगता येत नाही.
बॅटरी धरून म्हणाले,
"हाई काय शे? पाट? देव बठाडतस का यानावर?"
"मी उभी ऱ्हासू, बाबा."
ते काही बोलले नाहीत.
बॅटरी जरा जवळ आणली.

बाभळीच्या साच्यावर मेणकापड. सरस, थर, सरस, थर.
तुळईवरून कापसाचा एक पुंजका तरंगत आला,
कुठल्या सालच्या हंगामातला कोण जाणे,
आणि पाचव्यावर बसला.
काढत बसायला वेळ नव्हता.
सहावा ठेवला, सातवा ठेवला,
चाक बाबांनी फिरवलं.
मी अजून दोन आटे दिले असते.
त्यांनी कडेला बोट लावलं,
सरसाचे मणी एका ओळीत आले होते,
म्हणाले, बस.

दुपारी बारापर्यंत कुणी हात लावायचा नव्हता.
हिमानी साडेनवाला एकदा जाऊन
नुसती बघून आली.

उघडली तेव्हा टकटक करून ऐकली,
माठ घेताना ऐकतो तशी.
पोकळ कुठेच नाही.
मग जिगसॉ, आठ भोकं, कडेला कानस.
चाकं कुरिअरनं आली, लाकडाच्या चौपट किमतीची,
ते बहिणीला अजून सांगितलेलं नाही.
कानस मारताना पाचव्या-सहाव्याच्या मध्ये
पांढरा दोरा दिसला, नखाएवढा.
मी घासायला गेलो.
"राहू दे," म्हणाली.

जिनिंगची फरशी सिमेंटची, गाठी ओढून ओढून गुळगुळीत.
ती पडली. परत पडली. कोपर सोललं.
फळी एकटीच भिंतीपर्यंत गेली आणि थांबली.
मी आयुष्यात केलेल्या कुठल्याच वस्तूनं
असं माझ्यापासून लांब जाऊन दाखवलं नव्हतं.
दारं फार तर उघडतात.

तिसऱ्या दिवशी ती फाटकाच्या उतारावरून सुटली
ती थेट गाड्यांच्या वजनकाट्यावर.
डबीतला गंजका काटा थरथरला,
चाळिशीच्या अलीकडे कुठेतरी.
बाबा खाटेवरूनच ओरडले, जुन्या सवयीनं,
"गाडीनं वजन वजा कर रे!"

मी वजा करायला गेलो.
सव्वा किलो. त्यात सरस किती, कापूस किती.
काट्याला तेवढं बारीक कळत नाही.
तोवर ती काट्यावरून उतरली होती.